अंगण धुणाऱ्यांना उत्तर

जालन्यात घर बांधून झालं की शेवटचा खर्च अंगणावर होतो आणि तो बहुतेक ठिकाणी एकसारखाच असतो. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत कोबा, ऐपत असेल तर पेव्हर ब्लॉक. तुळशीपुरती मातीची चौकट सोडतात, काही जण तीही कुंडीवर भागवतात. मंठा रोड, अंबड रोड, भोकरदन रोड, कुठल्याही नव्या प्लॉटिंगमध्ये एक चक्कर मारा. मातीचं अंगण शोधावं लागेल. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं : ‘स्वच्छ राहतं हो. पाइप लावला की दहा मिनिटांत लख्ख.’ या उत्तराशी सहसा कोणी भांडत नाही. स्वच्छतेच्या विरोधात बोलून वाईटपणा कोण घेणार?

तो मी घेतो. माझं म्हणणं असं आहे की, हे लख्ख अंगण स्वच्छ नसतं. त्यातली घाण फाटकाबाहेर गेलेली असते, एवढंच. ती बाहेर घालवायला जे पाणी खर्ची पडतं, ते या जिल्ह्याला परवडणारं नाही. अंगण स्वच्छ की अस्वच्छ याचा निकाल फरशीच्या चकाकीवर लागू नये. त्या अंगणातून बाहेर काय काय जातं यावर लागावा. ही कसोटी लावली तर आपल्या कॉलन्यांमधली सगळ्यांत टापटीप दिसणारी घरं नापास होतील.

सिमेंटच्या बाजूने बोलणारी माणसं काही मूर्ख नाहीत. त्यांच्याकडे मुद्दे आहेत आणि त्यातले दोन-तीन चांगले वजनदार आहेत. म्हणून एकेक घेऊ.

पहिला मुद्दा पाण्याचा : ‘असं कितीसं पाणी लागतं?’ मोजून पाहू. अर्ध्या इंची पाइपातून मोटरच्या जोरावर मिनिटाला दहा लिटर पाणी सहज येतं. अंगण धुणारं माणूस पाव तास तरी पाइप सोडत नाही, कारण कोपऱ्यातली माती ढकलत ढकलत उतारापर्यंत न्यायची असते. झाले दीडशे लिटर. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोजचं जे माप धरलं ते ५५ लिटरचं. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, सगळं त्यात आलं. एका अंगणाच्या एका धुण्यात जवळजवळ तीन माणसांचा दिवस वाहून जातो. आठवड्यातून दोनदा धुणाऱ्या घराचं वर्षाचं गणित पंधरा हजार लिटरच्या वर जातं, म्हणजे पाच हजार लिटरचे तीन टँकर. त्याच गल्लीत मे महिन्यात टँकर आला की बादल्यांवरून भांडणं होतात.

हे ज्या जिल्ह्यात चाललं आहे तिथला पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात आहे आणि सरासरी गाठायची की नाही हे दर वर्षी त्याच्या मर्जीवर असतं. २०१२-१३ चा दुष्काळ अजून कोणी विसरलेलं नाही. निजामाच्या काळात जालना शहरासाठी बांधलेला घाणेवाडीचा तलाव त्या वर्षी आटला आणि पुढे लोकसहभागातून त्याचा गाळ काढावा लागला. आज शहराची भिस्त जायकवाडीहून येणाऱ्या जलवाहिनीवर आहे. गोदावरीचं पाणी पंपाने चढवून इतक्या लांबून आणायचं, ते शुद्ध करायचं आणि त्याने कोब्यावरचा धुरळा गटारात लोटायचा, याला टापटीप कोणी म्हणो, मी म्हणणार नाही.

इथे लगेच उत्तर येतं : ‘आम्ही नळाचं पाणी वापरत नाही. आमचा स्वतःचा बोअर आहे.’ हे उत्तर देणाऱ्याला आपण मोठी नैतिक सवलत मिळवली असं वाटतं. पण मराठवाड्याखाली आहे तो काळा पाषाण. या खडकात पाणी भरून राहील अशी प्रशस्त जागा नाही. ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगा-सांध्यांत साठतं. तुमच्या बोअरला ज्या भेगेतून पाणी येतं ती भेग तुमच्या सातबाऱ्यावर नाही. ती शेजाऱ्याच्या प्लॉटखालून आलेली असते आणि पुढच्याच्या प्लॉटखाली गेलेली असते. ‘माझा बोअर’ यातला ‘माझा’ फक्त केसिंग पाइपापुरता खरा. १९७२ च्या दुष्काळात राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली आणि २००९ मध्ये भूजलासाठी वेगळा कायदा केला, तो याच कारणाने : जमिनीखालचं पाणी ज्याच्या त्याच्या मोटरवर सोडून भागत नाही.

हा झाला उपशाचा भाग. त्याहून मोठं नुकसान पावसाळ्यात होतं आणि त्यावर कोणी बोलतही नाही. वीस बाय तीस फुटांचं अंगण घ्या. सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, हा शाळेतला हिशोब. ६५० मिलिमीटर पावसाने त्या अंगणावर वर्षाला ३६ हजार लिटरपेक्षा जास्त पाणी पडतं. सात टँकर, तेही फुकट आणि दारात. कोब्याचं अंगण हे पाणी मिनिटाभरात रस्त्यावर काढून देतं. गवंडी उतारच तसा देतो आणि मालक त्याला तसंच सांगतो : ‘पाणी थांबलं नाही पाहिजे.’ निम्मं पाणी जरी जिरवलं तरी पन्नास घरांच्या कॉलनीत ते नऊ लाख लिटर होतं. ज्या कॉलनीने हे नऊ लाख लिटर जूनपासून सप्टेंबरपर्यंत रस्त्यावर सोडलं, तीच कॉलनी मार्चमध्ये महापालिकेवर मोर्चा नेते. मोर्चा न्यावा, त्याला ना नाही. पण पाटीवर आपलंही नाव लिहावं.

‘मुरवलेलं पाणी आमच्याच बोअरला येईल कशावरून?’ हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. प्रश्न बरोबर आहे. तशी हमी नाही. पण गंमत पाहा. घाण बाहेर लोटताना ती कोणाच्या दारात जाईल याचा विचार शिवत नाही आणि पाणी मुरवताना मात्र ते शेजाऱ्याला मिळेल की काय याची काळजी लागते. याच जालना तालुक्यात कडवंची आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे पाणलोटाचं काम झालं, बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली आणि कमी पावसाच्या त्या शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथे वरच्या शेतकऱ्याने अडवलेलं पाणी खालच्याच्या विहिरीला लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी बांध घातले. शेतकऱ्याला एकरात जे जमलं ते शहरातल्या शिकलेल्या माणसाला दीड गुंठ्यात जमत नाही, हे काही भूषण नाही.

दुसरा मुद्दा खास जालन्याचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ‘इथं लोखंडाचे कारखाने आहेत. भट्ट्यांची काजळी पडते. सकाळी अंगणात अनवाणी फिरलं की तळपाय काळे होतात. धुतल्याशिवाय कसं चालेल?’ औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांचं हे दुखणं खरं आहे. पण त्यावर पाइप हा इलाज नाही. धुतलेली काजळी फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला बसते, दुपारपर्यंत वाळते आणि गाड्यांच्या चाकांनी पुन्हा उडून त्याच अंगणात येते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. धुराच्या तक्रारीचं ठिकाण प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. तिथे वीस घरांनी सह्या करून अर्ज द्यायचा सोडून वीस घरांनी वीस पाइप लावणं हा कारखानदाराला सगळ्यांत सोयीचा मार्ग आहे. त्याची राख आपण आपल्या पाण्याने, आपल्या विजेने, आपल्या हाताने साफ करून देतो.

आणि धूळ बसवण्याची रीत आपल्याला नवी शिकायची नाही. आधी सडा, मग खराटा. बादलीभर पाण्याचे शिंतोडे मारले की धूळ जड होते आणि झाडताना उडत नाही. नाकातोंडात जात नाही, शेजारच्या वाळवणावर बसत नाही. ओला केर एका जागी गोळा होतो, सुपलीत भरता येतो. पाइपाच्या धुण्यात हेच होत नाही : केर गोळा करायचाच नसतो, वाहून घालवायचा असतो. दहा लिटर आणि दीडशे लिटर हा फरक तर आहेच. त्याहून मोठा फरक असा की एकात केर तुमच्या सुपलीत येतो आणि दुसऱ्यात दुसऱ्याच्या दारात जातो.

तो तिथे गेल्यावर काय होतं हे धुणाऱ्याने एकदा पाहावं. सकाळी फाटकाखालून पाण्याची धार निघते. तिच्याबरोबर वॉशिंग पावडरचा फेस, गाडीच्या तेलाचे रंगीत तवंग, गुटख्याच्या पुड्या, लिंबाच्या काड्या. सिमेंटचा रस्ता अंगणापेक्षा उंच झालेला असतो, कारण दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकतात. म्हणून धार रस्ता ओलांडत नाही, कडेने सरकत जाते आणि जिथे गटाराचं झाकण खचलेलं असतं किंवा कोणी रॅम्प बांधून गटार बुजवलेलं असतं तिथे थांबते. त्या जागी बारमाही डबकं असतं. प्रत्येक गल्लीत असं एक घर असतंच, ज्याच्या दारात सगळ्यांच्या अंगणांचं पाणी येऊन साचतं. आणि गल्लीतलं सगळ्यांत घाणेरडं घर म्हणून नाव त्याचंच होतं.

डबक्यावरून डासांकडे येऊ, कारण घराबाहेरच्या स्वच्छतेचा खरा कस तिथे लागतो. डेंग्यूचा डास घाणेरड्या गटारापेक्षा स्वच्छ, साठलेल्या पाण्यावर जास्त वाढतो. आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून हौद, ड्रम, रांजण भरून ठेवावेच लागतात. त्यांच्या जोडीला कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेला टायर, कूलरची टाकी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं मडकं, बांधकामातून उरलेला घमेल्याचा तुकडा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय या डासाची अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं त्यामागे एवढं साधं कारण आहे.

आता रोज धुतल्या जाणाऱ्या त्या चकचकीत अंगणातली तुळशीची कुंडी उचलून पाहा. खालच्या प्लास्टिकच्या ताटलीत बोटभर पाणी असतं, कारण अंगण धुताना पाइप कुंडीवरूनही फिरतो. नीट पाहिलं तर त्यात काळसर, स्वल्पविरामाएवढ्या अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या दिसतात; ताटली हलवली की वळवळत तळाला जातात. फरशीवर केसभर धूळ नाही आणि ताटलीत डेंग्यूची पैदास. ज्या स्वच्छतेला ही ताटली दिसत नाही ती स्वच्छता पाहुण्यांसाठी आहे, घरातल्या लेकरांसाठी नाही.

तिसरा मुद्दा चिखल आणि सापाचा. ‘काळी माती आहे आमच्याकडे. पावसात चपलेला किलोभर चिखल चिकटतो. शिवाय मातीत साप-विंचू.’ चिखलाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. काळ्या मातीच्या उघड्या अंगणात पावसाळा काढणं ही शिक्षा आहे. पण त्याच काळ्या मातीवर कोबा टाकणं हीदेखील शिक्षाच आहे, फक्त ती तीन-चार वर्षांनी भोगावी लागते. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. दर उन्हाळ्यात शेतात हातभर भेगा पडतात तशाच अंगणाखालीही पडतात. वरचा कोबा तडकतो, एक बाजू खचते, पाणी उलट पायाकडे वळतं. मग मालक पुन्हा गवंडी बोलावतो आणि आणखी एक थर चढवतो.

यावर आपल्याकडचा जुना उपाय मुरमाचा. काळी माती वीतभर काढायची, तिथे मुरूम भरायचा, पाणी मारत मारत धुम्मसाने ठोकायचा. मुरमात पाणी जिरतं आणि पायाला चिखल लागत नाही. चालायच्या वाटेवर शहाबादी फरशी बसवा, गाडीच्या चाकांखाली दोन पट्टे फरशीचे किंवा विटांचे घाला. बाकी जागा मोकळी सोडा. पेव्हर ब्लॉकच हवे असतील तर तेही चालतील, पण त्यांच्या सांध्यांत बारीक खडी राहू द्या. आपल्याकडे मात्र ब्लॉक बसवून झाले की लगेच त्या सांध्यांत सिमेंटचं पाणी ओततात, ‘गवत उगवू नये’ म्हणून. पाणी मुरायला जी एक वाट उरलेली असते तीही पैसे देऊन बुजवतात.

सापाचं म्हणाल तर साप मातीसाठी येत नाही. तो उंदीर-बेडकांमागे येतो आणि आडोशाला राहतो. अंगणाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेल्या विटा, सेंट्रिंगच्या फळ्या, भंगार सायकल, सरपणाचा ढीग, ही त्याची घरं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी जाती आपल्या भागात आहेत. भीती बाळगणं रास्तच. पण झाडून साफ केलेल्या मोकळ्या मुरमावर साप लांबून दिसतो. कोबा केलेल्या अंगणातही भंगाराचा ढीग तसाच असेल तर कोब्याने काय साधलं? ढीग उचला, सरपण जमिनीपासून हातभर वर फळीवर ठेवा, भिंतीपासून सुटं ठेवा, सांडलेलं धान्य झाडून घ्या. हे काम पाइपाने होत नाही, म्हणून ते राहून जातं.

चौथा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे आणि तो बहुतेक वेळा बायका मांडतात. ‘सडा-सारवणाचं कौतुक तुम्ही करा. पहाटे उठून शेण कालवणारे, वाकून वाकून अंगण सारवणारे हात आमचे होते. सिमेंट आलं आणि पाठ वाचली.’ मातीच्या अंगणाच्या आठवणींवर गहिवरणारे लेख दिवाळी अंकांतून भरपूर येतात. त्या लेखांतलं अंगण सारवणारी माणसं लेख लिहीत नव्हती. म्हणून मी सारवणाचा आग्रह धरत नाही. मुरमाला सारवण लागत नाही. खराटा लागतो, तोही उभ्याने मारता येईल अशा लांब दांड्याचा. घरातली केरसुणी शिंदीच्या पानांची, मऊ आणि आखूड. तिने वाकून अंगण झाडायला लावणं हा उगाच छळ आहे.

पण सिमेंटने बाईची सुटका केली हे म्हणणं मला पटत नाही. पाइप कोणाच्या हातात असतो ते बघा. दहापैकी नऊ घरांत तो तिच्याच हातात असतो, नाहीतर धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशींच्या हातात, ज्या स्वतःच्या वस्तीत सार्वजनिक नळावर रांग लावून आलेल्या असतात. पूर्वी अंगण आठवड्याला एकदा सारवलं तरी चालायचं. आता पांढऱ्या टाइल्सवर पावलाचा एक ठसा उमटला तरी पुन्हा पुसणं आलं. काम हलकं झालं हे खरं, पण वाढलंही. त्या कामाची वाटणी बदलली नाही, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर सिमेंट हे उत्तर नाही. खराटा घरातल्या पुरुषाने हातात घ्यावा, एवढं सोपं उत्तर आहे. त्यासाठी गवंडी लागत नाही.

पाचवा मुद्दा पाचोळ्याचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंबाची पानं गळतात आणि ‘रोज किती झाडायचं’ म्हणून दारचा लिंब तोडला जातो. शहराच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे तोडणाऱ्याला माहीत नसतं किंवा तो माहीत करून घेत नाही. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत तोच कोबा तापून रात्री उशिरापर्यंत झळा मारतो आणि घरात एसी लागतो. झाड वाचलं तर पाचोळा जाळला जातो. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याच वर्षी साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे त्या घराच्या खिडकीतून तो धूर आत जातो. अंगण मात्र स्वच्छ. पाचोळा झाडाच्या बुंध्याशी पसरला तर मातीतली ओल टिकते. उरलेला कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकला, वर भाज्या धुतलेलं पाणी ओतत राहिलं, की पावसाळ्यापर्यंत खत.

कंपाउंडच्या कडेला उगवणाऱ्या गाजरगवतावर हल्ली सर्रास तणनाशक मारलं जातं. शेतातला पंप आणायचा, चपला घालून, तोंडाला रुमाल बांधून फवारायचं. ग्लायफोसेटचा वापर केवळ परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत करावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली, आणि आपण ते लेकरं खेळतात तिथे मारतो. गाजरगवत फुलायच्या आत, जुलै-ऑगस्टच्या ओल्या मातीतून मुळासकट उपटता येतं. अंगाला खाज सुटते म्हणून हातमोजे घालायचे, इतकंच. त्यावर जगणारे मेक्सिकन भुंगे परभणीच्या कृषी विद्यापीठाने वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना दिले आहेत. उपाय दारात असताना आपण विष विकत आणतो, कारण विषाने काम एका सकाळीत उरकतं.

मग करायचं काय? नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी या गावाने याचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे. घराघरापुढे सुमारे चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी. भोवती दगड-गोटे आणि खडी. आणि त्यात न्हाणी-मोरीचं पाणी. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून बाहेर जाऊन जमिनीत जिरतं. गटारं वाहायची थांबली, डास कमी झाले. पुढे नांदेड जिल्ह्यात आणि बाहेरही हा शोषखड्डा पसरला. हे गाव मराठवाड्यातलंच आहे, मातीही परकी नाही. काळ्या मातीचा थर जाड असेल तिथे खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागेल. दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटमध्येही दोन खड्ड्यांना जागा निघते : एक मोरीच्या पाण्यासाठी, दुसरा छताच्या आणि अंगणाच्या पावसासाठी. दोन्ही एक करू नयेत, पावसाच्या पाण्यात साबण मिसळण्याचं कारण नाही.

सरकारी नियमांनी इथे एक पळवाट ठेवली आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पाऊसपाणी संकलनाची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे जालन्यातले बहुतेक घरमालक या सक्तीच्या बाहेर आणि कोबा मात्र सगळ्यांचा. जालन्याला २०२३ मध्ये महापालिका मिळाली. बांधकाम परवानगी देताना प्लॉटच्या मोकळ्या जागेपैकी निम्मी जमीन पाणी मुरेल अशी ठेवण्याची अट तिने घालावी. जो ती पाळेल त्याला मालमत्ता करात सवलत द्यावी. पुण्यात पर्जन्यजल, सौरऊर्जा, गांडूळखत यांसाठी पाच ते दहा टक्के सवलत मिळतेच. आणि अंगणाचं पाणी रस्त्यावर सोडणाऱ्याला कचरा टाकणाऱ्यासारखीच नोटीस द्यावी.

‘स्वच्छता हा ज्याचा त्याचा संस्कार आहे, त्यात महापालिका कशाला?’ असं विचारणारे गाडगेबाबांचा दाखला देतात. जरूर द्यावा. फक्त बाबा गावात आले की खराटा कुठे चालायचा तेही आठवावं. ते स्वतःचं अंगण झाडत नव्हते, त्यांना अंगणच नव्हतं. ते गावाचे रस्ते झाडत होते. त्यांच्या नावाने २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात बक्षीस मिळायचं ते गावाला, घराला नव्हे. बाबांचा फोटो भिंतीवर लावून आपला केर त्यांच्या रस्त्यावर ढकलणं हा त्या दाखल्याचा भलताच अर्थ झाला.

तरीही ज्यांना धुतल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना माझी बंदी नाही. पाइप लावा, मनसोक्त धुवा. अट एकच : त्यातला एक थेंब फाटकाबाहेर जाता कामा नये. जे धुतलं ते आपल्याच हद्दीत मुरवायचं, जो केर निघाला तो आपल्याच सुपलीत भरायचा. ही अट मान्य केली की कोब्याचं समर्थन करायला दुसऱ्या दिवशी कोणी उरणार नाही. कारण पाणी मुरवायचं म्हटलं की पहिला अडथळा तो कोबाच असतो, आणि तो फोडायला गवंडी बोलावताना मालकाला पहिल्यांदा कळेल की आजवर आपलं अंगण स्वच्छ ठेवण्याचा खर्च कोण देत होतं.